रोजचे कांदेपोहे

आमच्या ह्यांना लागोपाठ दोनदा फिट आली. शेजारची वनमाला चप्पल हुंगवायला धावली, तर डॉक्टरने तिला असं झापलं की बाई आठवडाभर जिन्यात दिसली नाही.

दहिसरला घरी आणलं. जुनं सगळं आठवत होतं, अगदी मरोळच्या कारखान्यातल्या मुकादमाच्या शिव्यासुद्धा. फक्त नवी सून, तेजल, डोक्यातून साफ गेली. आमच्या मुलाने, चैतन्यने, नुकतंच कोर्टात लग्न केलं होतं. बघण्याचा कार्यक्रम नाही, काही नाही. मी अजून फुगलेलीच होते.

डॉक्टर म्हणाला, "नवीन आठवण धरते तेव्हा मेंदूतले मोजकेच जोड घट्ट होतात. फिटमध्ये सगळेच एकदम घट्ट झालेत. नव्याला जागाच नाही."

"म्हणजे अख्खी चाळ एकदम ओरडली, तर कोणाचं ऐकू येणार?"

"बरोबर. गोळ्या, झोप आणि धीर. त्यांना चिडू देऊ नका."

पहिल्या सकाळी तेजलने पोहे आणले. हे सावरून बसले. "नाव काय, बाळ? स्वयंपाक येतो?"

"अहो, सून आहे ती!" मी म्हटलं.

"मला न विचारता?" असे भडकले की बाप रे! दुसऱ्या सकाळी सगळं विसरून पुन्हा तेच विचारायला लागले, तेव्हा आम्ही मुकाट्याने बघण्याच्या कार्यक्रमाचं नाटक सुरू केलं.

"नाही येत स्वयंपाक," तेजल म्हणाली.

"खरं बोलते! जरा चालून दाखव... झकास! आमच्याकडून होकार. शकू, तुझं काय?"

"नंतर कळवतो," मी म्हटलं.

झोप झाली की पाटी कोरी. रोज पोहे, रोज होकार, रोज माझं "नंतर कळवतो". पोह्यांनी पोटाची वाट लागली. आणि मला धडकी भरली होती, हे असेच राहिले तर?

एके दिवशी हे ताट बघून ओरडले, "तेजल, पुरे गं ते पोहे! उपमा कर ना!"

मी हुंदके देऊन रडले. चैतन्य पलंगावर नाचला. तेजल मात्र स्वयंपाकघरात डोळे पुसत रवा भाजत होती.

"तुला काय झालं आता?"

"काही नाही, आई. रोज सकाळी कोणीतरी होकार द्यायचं. सवय लागली होती."



"चालून दाखव," मी म्हटलं.

हातात उलथनं घेऊन ती ओट्यापासून फ्रिजपर्यंत चालली. मागे रवा करपला.

"कळवायचं राहून गेलं होतं गं," मी गॅस बंद केला. "आमच्याकडून होकार."