शेवटच्या बाकाचा नंबर

सुलभाबाईंना पंक्तिप्रपंच मुळीच खपत नसे. कानडी मुलखातल्या आमच्या शहरात, शिवाजीनगरच्या बाजारामागे आमच्या लोकांची मराठी प्राथमिक शाळा होती, तिथे एकसष्ट साली त्या पाचवीला इंग्रजी शिकवायला आल्या. माहेर-सासर दोन्ही पुण्याचं, नवरा विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. आधीचे मास्तर साहेबलोकांच्या पोरांना तेवढे प्रश्न विचारत आणि बाकीच्यांना खडू आणायला पिटाळत. सुलभाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "माझ्या वर्गात उजवं-डावं चालणार नाही. प्रत्येकाचा नंबर लागेल."

आणि नंबर म्हणजे नंबर. वाचन पहिल्या बाकापासून सुरू. एकेकानं उभं राहून एक वाक्य वाचायचं, चुकलं की बाई सुधारणार, पोर पुन्हा म्हणणार, मग शेजारचं उठणार. कुणाला वगळायचं नाही, कुणाला दामटायचं नाही. न्याय इतका चोख, की तो मधल्या बाकाशी पोचेपर्यंत घंटा व्हायची. "उरलेलं घरी वाचून या," बाई म्हणत. दुसऱ्या दिवशी उजळणी म्हणून तोच धडा, पुन्हा पहिल्या बाकापासून.

पुढचे बाक कारखान्याच्या पोरांचे, अगदी पहिला विद्याचा. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं, त्यांची बस लवकर यायची एवढंच. त्यांच्या घरी इंग्रजी वाचणारं कुणी ना कुणी असायचं. गल्लीतली पोरं नळावरचं पाणी भरून धापा टाकत यायची आणि उरलेल्या जागी मागे बसायची. त्यांच्या घरी धडा वाचून कोण देणार होतं, हे बाईंनी विचारलं नाही. चांगल्या माणसांना असले प्रश्न फार उशिरा सुचतात.

अगदी शेवटच्या बाकावर यल्लव्वा बसे. तिचा बाप परसू निपाणीकडचा, लष्करी गणवेशांना काजं करण्याचं काम करायचा. त्यानं लेकीला सरळ सांगून ठेवलं होतं, "पास झालीस तर साळा, न्हाई तर आईसंगं सुई धर." मराठी, गणित, कन्नड यांची यल्लव्वाला भीती नव्हती. जे काय व्हायचं ते इंग्रजीत होणार होतं. फळ्यावरचं ती इतकं देखणं उतरवून काढी, की वही तपासताना बाईंना तिची काळजी अशी कधी वाटलीच नाही.

मार्चात तोंडी परीक्षा घ्यायला हेडमास्तर बिंदुमाधव आले. त्यांची खुर्ची मागच्या दाराशी मांडलेली, म्हणून त्यांनी शेवटच्या बाकापासून सुरुवात केली. यल्लव्वा उठली. पुस्तक उघडून समोर धरलं आणि घडाघडा सुरू झाली.

"रामू हॅज अ काऊ. द काऊ गिव्ह. गिव्ह्ज, विद्या, गिव्ह्ज. अगेन. द काऊ गिव्ह्ज मिल्क. गुड, सिट डाऊन. नेक्स्ट."

पुढच्या बाकांवर हशा पिकला. हेडमास्तरांना वाटलं, पोरगी बाईंची नक्कल करतेय. पण यल्लव्वा घामाघूम झाली होती. धडा असाच असतो, बाईंच्या 'गुड'सकट, अशी तिची खात्री होती. वर्षभर तिनं तो तसाच ऐकला होता. 'शी ईट्स ग्रास' म्हणाली आणि थांबली.

"पुढे वाच," हेडमास्तर म्हणाले.

"पुढं न्हाई, सर. हितं घंटा हुतीया."

हसणारी पोरं आणखी हसली. सुलभाबाईंनी मात्र तिच्या हातातल्या पुस्तकात पाहिलं. पानावर अजून अर्धा धडा होता. त्यांना आठवेना, या पोरीचा आवाज आपण याआधी कधी ऐकला होता का. त्यांना स्वतःची लाज वाटली.

हेडमास्तरांनी नापासाचा शेरा मारला. त्यांचंही चुकलं नाही, वाचता येत नव्हतं ते नव्हतंच.

निकालाच्या दिवशी परसू लेकीला घेऊन ऑफिसात आला. भांडायला नव्हे, नाव काढायला. हेडमास्तरांनी सहीसाठी दाखल्याचं पुस्तक त्याच्या पुढ्यात सरकवलं. सुलभाबाई तिथेच उभ्या होत्या.

"नाव काढू नका," त्या म्हणाल्या.

"बोली झालीया, बाई. नापास झाली."

"ती नापास झालेली नाही. मी तिला शिकवलंच नाही."

"बाई!" हेडमास्तर दबकत म्हणाले. पालकांसमोर असं बोलायची आमच्या शाळेत रीत नव्हती.

"वर्षभरात तिचा नंबर एकदाही लागला नाही. मी लावला नाही."

परसूनं लेकीकडे पाहिलं. "खरं हाय?"

यल्लव्वानं होय म्हणून मान हलवली. बाईंची कागाळी केल्यासारखं वाटून ती रडायला लागली.

परसू दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हता. पण शिकवलंच नाही, तर नापास कसली?

"पुढल्या वर्सी इंग्रजीला कोण हाय?" त्यानं विचारलं.

"मीच."

हे उत्तर त्याला फारसं रुचलं नाही, ते दिसलंच. त्यानं डोक्याचं मुंडासं नीट केलं आणि दाखल्याचं पुस्तक हेडमास्तरांकडे परत सरकवलं.

"सरी, ऱ्हाऊ दे नाव," तो म्हणाला. "स्वल्प मागं बगून शिकवा, बाई."