प्रेमराजला द्यायचं उत्तर

डाग तळहाताएवढा होता, काठाच्या जरा वर, आणि दोनदा साबण लावूनही फिकट व्हायच्या ऐवजी गडदच होत चालला होता — केळीच्या चिकाचं असंच, लागतो तेव्हा पाण्यासारखा, कळतही नाही, आणि वाळला की काळा, कायमचा. सुलक्षणेला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी परवा ती कॉलेजातून तशीच गावाला गेली होती, हीच साडी नेसून. आणि आजही तिनं हीच काढली होती, कारण अहिंसेवर बोलायला जाताना नेसायची म्हणून तिच्याकडे एवढी एकच होती. सुती, मातकट रंगाची, साधेपणा दाखवणारी... साधेपणा दाखवायला बरीच महाग पडलेली. निऱ्या जरा उलट्या घेतल्या की डाग आत जात होता. तिनं त्या तशा घेतल्या.

"धुळ्याची साडेआठचीच बस ना?" योगराजनं स्वयंपाकघरातून विचारलं. "डबा भरू?"

"नको," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. किती सहज आला तो शब्द. नवऱ्याच्या डब्यासाठी आला. दोन दिवस तो घशाशी येऊन परत जात होता, पाण्याबरोबर गिळावा लागत होता, आणि इथे पोळी-भाजीसाठी न बोलावता तोंडाबाहेर.

हाच एक शब्द तिला प्रेमराजला सांगायचा होता. आज, संध्याकाळी सहाच्या आत.

परवा प्रेमराज बांधावर बसला होता. तिचा धाकटा भाऊ, पंचेचाळिशीचा, रावेरकडच्या त्यांच्या गावात वडिलांच्या मागे शेती सांभाळणारा. त्याच्या पाठीमागे केळीची अडीच हजार खोडं आडवी पडली होती. कमरेएवढ्या उंचीवर एकेक घाव, सगळे एका मापाचे, घाईत नाही, शांतपणे घातलेले. घड मातीत, हिरवेगार, महिन्याभरात कटाईला आले असते असे. पोलीस येऊन 'अज्ञात इसम' लिहून गेले होते. नूतन, त्याची बायको, एक घड उचलून पुन्हा खाली ठेवत होती, मग दुसरा उचलत होती. तिला कोणी थांबवत नव्हतं.

प्रेमराज रडला नाही. ओरडलाही नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "अक्का, जीवरामची बाग शुक्रवारी कटाईले हाये. त्याच्या आत मले काय करायचं ते करा लागंन. तू नको म्हण, मी नही करणार. तुह्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नही. पण तू सांग. गुरुवारी सहापर्यंत सांग."

'बघते' म्हणाले मी. जणू त्यानं माझ्याकडे रजेचा अर्ज दिला होता.

बसला गर्दी नव्हती. खिडकीजवळची जागा मिळाली. ती राहायची त्या पिंप्राळ्याच्या कॉलन्या मागे पडल्या, पाळधी आलं, गेलं. तिनं पिशवीतून निबंध काढला. 'आजची जागतिक आव्हाने आणि अहिंसेच्या तत्त्वज्ञानाची प्रासंगिकता.' चौदा पानं. टाइप करून देणाऱ्या मुलीनं 'प्रासंगिकता' शब्द प्रत्येक पानावर ठळक केला होता, कोणी विसरू नये म्हणून. सातव्या पानावर युद्धं होती. दूरच्या दोन देशांची नावं, आणि खाली तिचंच वाक्य — 'अशा वेळी दोन्ही बाजूंनी संयम बाळगणे, ही केवळ नैतिक नव्हे तर व्यावहारिक गरज आहे.' हे वाक्य लिहिलं त्या सकाळी तिच्यासमोर वर्तमानपत्र होतं, त्यात घराच्या ढिगाऱ्यावर बसलेला एक माणूस, गुडघ्यांवर हात, कॅमेऱ्याकडे न बघणारा. त्याच्याकडे बघत, चहा पीत, मी त्याला संयम बाळगायला सांगितलं होतं. पिंप्राळ्याहून. त्यानं विचारलं नव्हतं तरी. आणि तो माणूस बसला होता अगदी तसाच प्रेमराज परवा बसला होता — गुडघ्यांवर हात — आणि यानं विचारलं होतं, तर माझ्या तोंडून सातव्या पानावरचा एक शब्द फुटेना.

दोन्ही बाजूंनी! प्रेमराजची एकच बाजू होती, ती जमिनीवर पडली होती.

पण खरी अडचण सातव्या पानाची नव्हती. नवव्या पानाची होती.

बांधाला बांध लागलेल्या जीवरामशी भांडण वाटेचं होतं. प्रेमराजच्या बागेत केळीचा ट्रक यायचा तर जीवरामच्या बांधावरून यावं लागे, आणि जीवरामनं तीन वर्षांपूर्वी ती वाट काटे टाकून बंद केली होती. मग शिव्या, मग तहसील, मग एकदा कॉलर धरणं. तेव्हापासून प्रेमराजनं राखण बसवली होती — पुना नावाचा म्हातारा, जीवरामच्या शेताकडे तोंड करून, हातात काठी आणि बॅटरी. दिवाळीच्या सुट्टीत सुलक्षणा गेली आणि तिनं हे सगळं मिटवलं. खरंच मिटवलं. चार दिवस इकडून तिकडे फिरली, दोघांच्याही शिव्या ऐकून घेतल्या, आणि पाचव्या दिवशी शेतातच कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत झालं, आणि दोघं एका परातीत जेवले. त्यांच्या गावात एका परातीत जेवले म्हणजे झालं; त्यापुढे कागद लागत नाही. जीवरामनं दुसऱ्याच दिवशी काटे काढले.

ती परत निघाली तेव्हा प्रेमराजनं विचारलं होतं, "अक्का, पुनाले राहू देऊ ना राखणीवर?"

आणि ती म्हणाली होती — हे ती म्हणाली होती, दुसरं कोणी नाही — "एका परातीत जेवलास ना त्याच्यासोबत? मग त्याच्या तोंडावर राखण बसवणं बरं दिसतं का?"

प्रेमराजनं पुनाला घरी पाठवलं. त्याला नवा शर्ट घेऊन, नारळ देऊन, रीतसर. मग तिनं ती गोष्ट वर्गात सांगितली, स्टाफरूममध्ये सांगितली, एका बैठकीत सांगितली, दर वेळी जरा नीटनेटकी करून; आणि शेवटी ती निबंधात आली, नववं पान, 'विश्वासाचा एक ग्रामीण प्रयोग'. राखण उठवून तीन महिनेही झाले नव्हते आणि बाग पडली. जीवरामनंच पाडली का? कोण सांगणार? परवा तो बांधापलीकडे उभा होता, डोक्यावरचा रुमाल हातात घेऊन. चेहऱ्यावर अपराध होता, की दुःख होतं, की आपल्या बागेची काळजी... तिनं खूप बघितलं. माणसाच्या चेहऱ्यावर एवढं स्पष्ट लिहिलेलं नसतं. प्रेमराजला मात्र वाचता आलं होतं. "पुरावा नाही रे," ती म्हणाली तेव्हा तो तिच्याकडे नुसता बघत राहिला, आणि तिला वाटलं, हा आत्ता म्हणेल, तुझ्या शब्दालाही पुरावा नव्हता. तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी सुटले असते.

आणखी एक गोष्ट तिनं परवा पाहिली होती. कापलेल्या खोडांच्या मधोमध चार-चार बोटं कोवळं पान वर आलं होतं. केळीचं तसं असतं, एका दिवसात आतला गाभा वर येतो, आपण कापले गेलोय हे त्याला ठाऊक नसतं. ते बघताना तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं? — हे निबंधात छान बसेल. भाऊ बांधावर बसलेला, आणि बाई शेवटच्या परिच्छेदासाठी उदाहरण घेऊन निघाल्या.

एरंडोल. पारोळा. खिडकीबाहेर वेचून झालेली कपाशी उभी, बोंडांची टरफलं तेवढी राहिलेली. नववं पान गाळायचं, तिनं ठरवलं. आठवरून थेट दहावर. कोणाला कळणार नाही.

धुळ्याच्या कॉलेजातल्या सभागृहात दीडशे खुर्च्या होत्या आणि साठ माणसं. तिनं चांगलं वाचलं. तिला वाचता येतंच, वीस वर्षांचा आवाज आहे तो, कुठं थांबायचं, कुठं चष्मा काढायचा, हे तोच बघतो. हवामान झालं, शस्त्रस्पर्धा झाली, सातवं पान झालं, माणसांनी माना हलवल्या. आठवं संपलं. तिनं दोन पानं एकदम उलटायला बोटं ओली केली... आणि आवाज पुढे गेला. "माझ्याच माहेरच्या गावातला एक अनुभव सांगते." बोटं तशीच. आवाज वांग्यांपाशी गेला, परातीपाशी गेला, लोक हसले जिथं हसायला हवं होतं तिथं, आणि पुनाचा नारळ आला तेव्हा पहिल्या रांगेतल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी थांबू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं: ती बाग सोमवारी कापली. पण त्या वाक्यानंतर दहावं पान कसं वाचायचं हे मला माहीत नव्हतं, आणि साठ माणसांपुढे गप्प उभं राहायची हिंमत नव्हती. टाळ्या आल्या. पुष्कळ आल्या.

चहाच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. बन्सीलाल नाना, त्याच कॉलेजचे निवृत्त लिपिक, हातात कप-बशी.

"बाई, तुम्ही भारी बोलनात. बठ्ठा लोके गुपचूप आयकत व्हतात." मग बशीत चहा ओतता ओतता, अगदी सहज, घरच्या माणसाची विचारपूस करावी तसं, "मंग आते कशी शे ती बाग?"

"चांगली आहे," सुलक्षणा म्हणाली.

"चांगलं शे," ते म्हणाले, आणि चहा प्याले.

परतीच्या बसमध्ये तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. राग आला. आधी स्वतःचा, मग बन्सीलाल नानांचा, मग डोळे पुसणाऱ्या त्या बाईचा, आणि मग सगळे गळून एकच उरला, साधा, स्वच्छ, त्याला फक्त जीवरामचं नाव होतं. ती थकली होती, तिनं तो अडवला नाही. आणि पारोळ्याच्या पुढे कुठंतरी ती जीवरामच्या बागेत होती. भर दुपारी. हातात कोयता. लहानपणी वडिलांच्या मागे फिरून तिनं केळीची पिलं, बुंध्याशी फुटणारे कोंब, कापली होती, त्यामुळे मनगटाला माहीत होतं की खोड किती मऊ असतं, आत पाणीच पाणी, कोयता थांबतच नाही. एक. दुसरं. घड पडताना होणारा तो जड आवाज. तिला वाटलं होतं की आता आपल्याला शरम वाटेल. वाटलं ते बरं. पाठीतली कळ गेल्यासारखं बरं. ती रांगच्या रांग कापत गेली, जीवरामनंच केलं की नाही हे तिनं एकदाही स्वतःला विचारलं नाही, आणि कंडक्टरनं एरंडोलची हाळी दिली तेव्हा ती बागेतून बाहेर यायला नाखूश होती.

म्हणून 'नको' येत नव्हता. प्रेमराजला कसं समजवायचं हा प्रश्नच नव्हता. समजवायचं होतं ते इथं होतं, तिच्या निऱ्यांच्या आत, चष्म्याच्या मागे, वीस वर्षं अहिंसा शिकवणारं, आणि त्याला बाग कापून हवी होती.

एरंडोल सोडल्यावर फोन वाजला. तिनं तो लगेच उचलला.

"अक्का," प्रेमराज म्हणाला. "सहा वाजले."

"हो रे."

"झालं का भाषण?"

"झालं."

"मले माहीत हाये तू नको म्हणशीन," तो म्हणाला. "म्हून तर तुले विचारलं. नूतनच्या भावाले विचारलं असतं त तो कोयता घेऊनच आला असता." तो हसल्यासारखं करून थांबला. "मले कोणीतरी धराले पाह्यजे होतं, अक्का. बोल लवकर."

तर हे होतं. त्याला मत नको होतं. त्याला हात धरणारं कोणी हवं होतं, आणि अख्ख्या गावातून, सोयऱ्याधायऱ्यांतून त्यानं मला निवडलं होतं. एक शब्द. तो मान देईल, मोडणार नाही. जीवरामची बाग उद्या कटाईपर्यंत उभी राहील. तिनं तोंड उघडलं, आणि तिला कळलं की शब्द तयार आहे, पण तो त्याच आवाजात येणार आहे, ज्या आवाजात नववं पान वाचलं. त्या आवाजानं एकदा त्याची राखण उठवली होती. त्या आवाजानं आज दुपारी त्याची पडलेली बाग साठ माणसांसमोर उभी करून टाळ्या घेतल्या होत्या. पुन्हा तोच त्याच्या कानात ओतायचा?

"प्रेमराज," ती म्हणाली, "मलाही कापायचीय रे ती बाग."

शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. पलीकडून शेतातल्या पाण्याच्या मोटरचा आवाज ऐकू आला, आणि लांब कुठंतरी नूतन कोणाला तरी हाक मारत होती. मी असं का बोलले? 'नको' म्हणायचं होतं. याच्यानंतरही म्हणता येईल, कदाचित याच्यानंतरच म्हणता येईल, ज्याला कापायचंय त्यानंच नको म्हणण्याला काही अर्थ... पण हे तर पुन्हा निबंधासारखं व्हायला लागलं, आणि त्याच्याकडे एवढा वेळ नव्हता.

"मग?" प्रेमराजनं विचारलं. आवाज लहान झाला होता, घाबरलेला.

मग. तिच्याकडे पुढचं पान नव्हतं. दोन दिवस तिला वाटत होतं की भाऊ तिकडे कड्यावर उभा आहे आणि आपण इकडे, पक्क्या जमिनीवर, हात लांब करायचा की नाही एवढंच ठरवायचंय. आता दोघंही तिथंच होती, शेजारी शेजारी, आणि धरणारं कोणी उरलं नव्हतं.