टाचेखालचं मऊ

उजवा बूट. काळा, कोरा, नाडीला दुहेरी गाठ.

"जावईबापूंचे कपडे झाले का?"

दोन रेघा. निळी डोंगर चढते, लाल टेकडीवरच दमते.

आई, फोनवर: "मामाशी वाद घालू नकोस. तो जेवला नाही की मामी मला फोन करते."

वहीएवढा फोमचा एक तुकडा.

नडगीचं हाड गुडघ्याखाली जाड असतं. खाली येता येता बारीक होतं आणि बहुधा तिथंच दगा देतं.

*

आता नीट सांगायचं तर.

जावईबापू म्हणजे टकरीच्या चाचणीतला पुतळा. गाडी भिंतीवर आदळते तेव्हा स्टिअरिंगमागे तो बसलेला असतो. नाव मामानं ठेवलंय. "आयते बसतात, तोंड उघडत नाहीत, दर खेपेला नवे कपडे लागतात. दुसरं काय म्हणायचं?" मामा त्याला कपडे चढवतो, बूट घालतो, पाय पेडलवर ठेवतो आणि टक्कर झाली की काचांतून उचलून त्याचे सांधे पुसतो.

मामा सख्खा. आईचा धाकटा भाऊ.

भाची त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. तोच पुतळा ती संगणकात बांधते, पण फक्त कमरेखालचा. मांडी, गुडघा, नडगी, घोटा, टाच, बूट; सगळं बारीक बारीक तुकड्यांत कापून पुन्हा जोडलेलं.

"माझ्या जावयाला डोकं तरी आहे," मामा म्हणतो. "तुझा नुसता लाथा मारायच्या कामाचा."

निळी रेघ भाचीची, लाल मामाची. टकरीत नडगीवर किती दाब आला, ते दोन्ही सांगतात. मामाच्या चाचणीत पेडलांमागचा फोम मुद्दाम काढला होता, तरी नडगी वाचली. भाचीच्या पडद्यावर, फोम नसताना, ती मोडली.

मामाचं खरं धरलं तर गाड्यांतून फोम कायमचा जाणार. आज दुपारच्या बैठकीत तेच ठरायचं होतं. आणि भाचीचं खरं असेल, तर उद्या कुणाच्या तरी नडग्या जाणार.

*

शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला खुर्ची सरकवत आला.

"लोखंड खोटं बोलत नसतं, बाई. टाच जरा मऊ कर. रेघ येईल खाली. कोण बघतंय?"

"आणि नाही आली तर?"

"तर आणखी मऊ कर."

तिनं करून बघितली. निळी रेघ लालवर अशी बसली की निळी दिसेचना. दाढीवाल्यानं टाळीसाठी हात पुढे केला.

टाळी मिळाली नाही. पुतळ्याची टाच रबराची. ती किती दबते हे मोजून ठेवलेलं असतं. इतकी मऊ ती नव्हतीच. पण रेघा जुळायला तेवढं मऊ काहीतरी टाचेखाली हवं होतं.

म्हणजे होतं.

ती जिना उतरली. वाटेत हसू आलं, मग चाचणी कुणाची ते आठवलं.

*

मामा गुडघ्यावर बसून जावईबापूंचा घोटा पुसत होता.

"बूट नवे वाटतं?"

"मग! जुन्यांचा तळ उकलला होता. हे बघ, दणकट आहेत."

"मापाचे आहेत?"

मामा पुसत राहिला.

"मामा."

"एकच नंबर मोठा. घोट्याशी मोजमापाच्या तारा असतात गं. गच्च बूट घातला की अडकतात."

"आणि मोठे म्हणून ढिले झाले."

"ढिले कसे होतील? मी आहे ना."

दुहेरी गाठ सोडवताना तिचं नख दुखावलं. बुटात टाचेच्या जागी मऊ फलालीनच्या फडक्याची जाड घडी होती. चारी बाजूंनी टीप मारलेली.

"मामीनं शिवलंय," मामा म्हणाला. "टाच आत खाडखाड वाजत होती. बरं दिसत नव्हतं."

मग त्यानं घडी अंगठ्यानं दाबली. ती खाली गेली, सावकाश वर आली. त्यानं पुन्हा दाबली. समजावून सांगायची गरज नव्हती. एवढी वर्षं तो हेच बघत आला होता. त्याची एकही चाचणी कधी रद्द झाली नव्हती, हे आख्ख्या इमारतीला माहीत होतं, कारण त्यानंच सांगितलं होतं.

"आख्खी गाडी वाया घालवली म्हण की मी."

भाची बूट मांडीवर घेऊन बसली.

"बैठकीत मी सांगू का?" ती शेवटी म्हणाली.

"तू सांगितलंस तर मामाला पकडलं. मी सांगितलं तर मामानं सांगितलं. आण तो बूट."

*

बैठकीत मामानं बूट टेबलावर ठेवला. विभागाच्या मोठ्या बाईंनी आपला कप मागे घेतला.

"बाई, जावयाचे फार लाड झाले. माझी चाचणी रद्द करा. ही म्हणतेय तेच खरं. फोमशिवाय नडगी मोडते."

दाढीवाला खोकला. बाईंनी फडकं चिमटीत दाबून बघितलं.

"आधीच्या चाचण्यांत?"

"आधी जुने होते. मापाचे."

फोम राहिला. चाचणी पुन्हा घ्यायची ठरली, मापाच्या बुटांत, मामाच्याच हातानं.

परतताना मामा जिन्यात थांबला. एका हातात बूट, दुसरा कठड्यावर.

"तुझ्या जावयाला तोंड बसव एकदाचं."

"कशाला?"

"बूट लागतोय म्हणून सांगेल तरी."

"तुझ्या जावयाला आहे की तोंड. कुठे बोलला?"

"संस्कार!" मामा म्हणाला आणि मोठ्यानं हसला. डोळे मात्र त्यानं बाहीनं पुसले.

आईचा फोन आला. "भांडलात?"

"नाही."

"जेवला का तो?"

"माझ्या डब्यातलं. मला अर्धीच पोळी ठेवलीय."

पहिलीत जाताना मामानं भाचीला मोठेच बघून घेतलेले बूट तिसरीपर्यंत चालले.