ठरलेलं लग्न

मॅट्रिकला गोपिका काटोल तालुक्यात पहिली आली होती. नागपूरच्या त्या नावाजलेल्या सायन्स कॉलेजात मुलाखतीलाही तिनं धडाधड उत्तरं दिली. प्रिन्सिपॉल बाई खूश झाल्या. मग त्यांनी तिच्या वडिलांना सहज विचारलं, "होस्टेलात एकटी राहील ना?"

एकट्या राहणाऱ्या कुवार पोरीबद्दल गावात काय काय बोलतात, ते रुपरावांनी ऐकलं होतं. इथं कोणी आपल्या लेकीकडे वाकड्या नजरेनं पाहू नये म्हणून ते छाती फुगवून म्हणाले, "राहीन नं जी! तिचं लगन ठरलं आहे, दिवाळीनंतर. मोठं घर आहे!"

कुठलं लग्न? गोपिका बघतच राहिली.

बाईंचा चेहरा उतरला. रुपराव बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, "मुलींच्या जागा मोजक्याच आहेत, बाळ. अर्ध्यात सोडून जाणारीला कशी देऊ?"

"लग्न ठरलं नाही, बाई."

"मग वडील खोटं बोलले?"

उघड्या दारातून रुपराव दिसत होते. लेकीची हुशारी शिपायाला सांगता सांगता त्यांचे हातवारे थांबत नव्हते.

"नाही," गोपिका म्हणाली. बाईंनी तिचा अर्ज बाजूला ठेवला.

बाहेर आल्यावर रुपराव तिला थेट बाजारात घेऊन गेले. "कसं निभावलं मी? आता तुह्याकडे कोणी बोट नाही दाखवत," म्हणत ते पेट्यांच्या दुकानात शिरले. "होस्टेलसाठी कोणती घ्यायची वं?"

गोपिकानं निळी पेटी दाखवली.