सुमनबाईंच्या गळ्यातली टेप

मी सुमनबाईंच्या गळ्यातली टेप बोलतेय. गळ्यातली म्हटलं की लोकांना दागिना वाटतो. मी साठ इंची, कापडी, पिवळी. शहाऐंशी साली देवळाली कॅम्पच्या बाजारातून आले ती थेट त्यांच्या मानेवर.

फौजींच्या घरच्या पोरींसाठी अंब्रेला घागरे शिवण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझ्याने कंबर मोजायची, तोंडीच त्रिज्या काढायची, कापडाची चौघडी घालायची आणि कोपऱ्यापासून मला फिरवत खडूने कमान मारायची. कात्री चालली की मधोमध कमरेचं गोल भोक. अठरा वर्षांत एकही घागरा परत आला नाही.

दोन हजार चारच्या डिसेंबरात वत्सलाबाई हिरवं सिल्क घेऊन आल्या. त्यांच्या हर्षालीचा गॅदरिंगमध्ये नाच होता. कापड नवऱ्याने पोस्टिंगवरून पाठवलेलं, तसलं दुसरं मिळणार नव्हतं. हर्षालीची कंबर भरली पंचवीस.

"पंचविसाला चार," सुमनबाई म्हणाल्या.

त्यांची रोशनी दहावीत होती. तिने चौघडीकडे बघितलं. "आई, ही तर वर्तुळपाकळी. नव्वद अंशांची." मग परिघाला दोन पायने भागलं. उत्तर आलं चारला जरासं कमी. इथवर ठीक होतं. पण पोरीला खातरजमा करायची खोड. तिने शाळेची फूटपट्टी माझ्या शेजारी ठेवली. माझे बारा इंच पुरे व्हायच्या आधीच पट्टी संपली.

"आई, टेप ताणली गेलीय. हिचा इंच मोठा झालाय."

वयोमानाने माणसंही पसरतात, पण त्यांना कुणी पट्टीला लावत नाही.

सुमनबाईंनी कात्री खाली ठेवली. "म्हणजे अठरा वर्षं मी लोकांना खोटं शिवून दिलं?" सिल्कची घडी घालून त्यांनी पिशवीत कोंबली. "वत्सलाबाईंना नेऊन दे. म्हणावं, दुसरीकडे टाका. मी आता कुणाचंच शिवत नाही."

मी मशीनवर पडून होते. मला फार वाईट वाटलं.

रोशनी गेली नाही. तिची कंबरही माझ्या मापाने पंचवीसच. तिने पेपरची चौघडी घातली, पट्टीने चार इंच मोजून कमान कापली, कागद एका बाजूने चिरला आणि कमरेला लावला. टोकं पाऊण इंच दूर राहिली. दुसरा पेपर माझ्याने मोजून कापला. टोकाला टोक भिडलं.

ती वहीत काहीतरी खरडत बसली, मग उठून आईपाशी आली. "टेप चुकीची आहे, पण कंबर हिनेच मोजली आणि त्रिज्याही हिनेच. दोन्हीकडे चूक सारखीच, म्हणून घागरा बरोब्बर बसतो. पट्टी मध्ये आणली तरच बिघडतं."

"मग आधीचे?"

"सगळे नीटच बसलेत, आई."

सुमनबाईंनी मला उचललं आणि माझ्या टोकाने डोळे पुसले. ओलं होणं मला सोसत नाही, पण त्या वेळी मी ते गोड मानून घेतलं. मग त्यांनी सिल्क कापलं. हर्षाली गॅदरिंगला गिरकी घेऊन नाचली आणि घागरा कमरेवरून तसूभरही हलला नाही.

आता रोशनीने द्वारका चौकातून नवी टेप आणलीय. मी खिळ्याला असते. एवढंच मागणं आहे: मला फेकायचं तर खुशाल फेका, पण कंबर माझ्याने आणि कापड त्या नवीने असं कधी मोजू नका. पुढचा घागरा बसला नाही, तर बाई पुन्हा स्वतःलाच दोष देतील.