वर न गेलेला हात

लाँड्रीत बावीस माणसं होती आणि त्या दुपारी एकवीस हात वर गेले. बाविसावा हात धाकटीचा. तो तिच्या मांडीवरच राहिला, ॲप्रनच्या खिशाशी चाळा करत.

ताईंनी हात मोजले. आपलंच चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले. ताई म्हणजे धाकटीची सख्खी नणंद, आणि लाँड्रीची अध्यक्षही. सात वर्षांपूर्वी मालक एका सकाळी कुलूप ठोकून पसार झाला, तेव्हा ताईंनीच सगळ्यांना अकरा दिवस दारात बसवलं होतं, कुलूप काढायला लावलं होतं आणि स्वतःच्या हातानं बॉयलर पेटवला होता. तेव्हापासून लाँड्री सगळ्यांच्या मालकीची. हॉस्पिटलच्या चादरी, हॉस्टेलचे पडदे, सगळं इथंच यायचं. धाकटी ताईंच्या माहेरची धाकटी सून, म्हणून इथंही सगळे तिला धाकटीच म्हणायचे. ती इस्त्रीच्या टेबलावर असायची आणि तिचा नवरा लाँड्रीची व्हॅन चालवायचा.

जागा मात्र नगरपालिकेची होती आणि करार संपत आला होता. निवडणुकीला उभ्या असलेल्या एका उमेदवारानं शब्द दिला होता की निवडून आलो तर दहा वर्षांचा करार पक्का. अट एकच. शनिवारच्या सभेला लाँड्रीतलं झाडून सगळं माणूस निळ्या ॲप्रनमध्ये पहिल्या रांगेत दिसलं पाहिजे.

"धाकटे, हात आखडला की काय तुझा?" ताईंनी विचारलं. सगळे हसले.

"नाही. मी सभेला येणार नाही."

हसू जागच्या जागी विरलं.

"बरं वाटत नाहीये का?"

ताईंनी पळवाट दाखवली होती. नुसती मान हलवली असती तरी विषय मिटला असता. धाकटीला ते कळत होतं, तरी तोंडून निघून गेलं, "मी ठणठणीत आहे. पण मी त्या माणसाला मत देणार नाही. मग टाळ्या कशा वाजवू?"

घरी जाताना व्हॅनमध्ये नवऱ्यानं आधी काच खाली केली. मग म्हणाला, "दोन तास उभं राहायचं होतं गं, एवढंच."

"एवढंच असेल तर माझ्यावाचून काय अडतंय?"

"मत कुणाला द्यायचं ते दे ना! आत कोण बघायला येतंय?"

"म्हणजे आत मी माझी आणि बाहेर तुमची?"

त्यानं गिअर बदलला, नको इतक्या जोरात. कारण त्यालाही माहीत होतं. धाकटीच्या आईनं तीस वर्षं फुटपाथवर भाजी विकली होती. दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेनं भाजीवाल्यांच्या हातगाड्या उचलल्या, तेव्हा हाच उमेदवार कोपऱ्यावर उभा राहून फोटो काढून घेत होता. पण धाकटीनं हे लाँड्रीतल्या सभेत सांगितलं नव्हतं. आपल्या 'नाही'ला कारणाचा दाखला कशाला जोडायचा, असं तिला वाटलं होतं. आता मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपण खरंच तत्त्वाला धरून आहोत, की नुसतं हट्टाला पेटलोय? सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आणि आपण आपलंच घेऊन बसलोय? भाजी चिरताना विळीवरचा हात थांबायचा आणि तिच्या लक्षातही यायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कुणी तिच्याशी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. हॉस्पिटलच्या मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही, समोरची दोन टोकं धरायला कुणीतरी लागतं. ती चादर हातात घेऊन उभी राहायची आणि प्रत्येकाला नेमकं तेव्हाच दुसरं काम निघायचं. शेवटी ती चादर टेबलावर पसरून, या टोकाकडून त्या टोकाकडे पळत, एकटीच घड्या घालायची. त्या वाकड्या व्हायच्या.

शुक्रवारी ताई टेबलापाशी आल्या. आवाज खालच्या पट्टीत होता.

"तुझ्या बाळंतपणात तीन महिने तुझी पाळी कुणी केली?"

"सगळ्यांनी."

"तेव्हा कुणी म्हटलं का, मला नाही पटत, मी नाही करणार?"

धाकटीनं इस्त्री उभी केली. "ते मी जन्मभर विसरणार नाही. पण वन्सं, ती मदत होती. उसने घेतलेले हात नव्हते, की आता मागायला यावं."

ती रागावली की ताईंना वन्सं म्हणायची. ताईंचा चेहरा उतरला.

"तू खरी आहेस गं," त्या म्हणाल्या. "पण बावीस जणांनी असं आपापलं खरं काढलं असतं, तर ते कुलूप अजून तिथंच असतं."

ताई गेल्यावरही धाकटी उत्तर शोधत राहिली आणि एक उशीचा अभ्रा करपला.

शनिवारी ती घरी थांबली, पण घर खायला उठलं. ओटा दोनदा पुसून झाला. शेवटी चपला अडकवून ती बाहेर पडली आणि पाय नेतील तिकडे जाता जाता सभेच्या चौकात पोचली. औषधाच्या दुकानाच्या पायरीवरून तिला पहिली रांग दिसली. निळे ॲप्रन ऊन खात उभे होते. म्हाताऱ्या बॉयलरवाल्याचे गुडघे कामातून गेलेले. तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होता. ती तिथं असती तर तिनं त्याला धरलं असतं. "ही बघा माझी निळी फौज!" स्टेजवरचा उमेदवार ओरडला. 'माझी' म्हणाला तो. ताईंनी टाळ्या वाजवल्या, पण वाजवताना त्या जमिनीकडे बघत होत्या. धाकटी पायरीवरून एकदा उतरली, पुन्हा चढली आणि मग घरी परत आली.

उमेदवार निवडून आला. करारही झाला. त्यानंतर लाँड्रीच्या सभेत ठराव आला की सगळ्यांचा निर्णय जो मोडेल, त्याला इस्त्रीवरून काढून मळक्या कपड्यांच्या खोलीत पाठवायचं. धाकटीनं ॲप्रन काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

एका हॉटेलच्या तळघरात तिला काम मिळालं. पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला, "इथं राजकारण नाही. तुमचं मत काय, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही." ऐकून तिला हायसं वाटलं. चार दिवसांत त्याचा अर्थ कळला. शिफ्ट कधीही बदलायची, ती का बदलली ते कुणी विचारायचं नाही. बोलायचं नाही. शेजारच्या बाईच्या हाताला वाफेचा चटका बसला, तर तिला घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी तिथं दुसरीच बाई होती. धाकटीनं चौकशी केली, तेव्हा मुकादमानं नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं.

पाचव्या दिवशी ती ताईंच्या दारात उभी राहिली.

"कामावर घ्या. मळक्या खोलीत घातलंत तरी चालेल."

"आणि पुन्हा हात वर करायची वेळ आली तर?"

"पटलं तर करीन. नाही पटलं तर नाही."

"म्हणजे तुझं घोडं तिथंच!"

"हो, तिथंच."

"हे माझ्या एकटीच्या हातात नाही," ताई म्हणाल्या. "सभेपुढं ठेवते."

सभा चालू असताना धाकटी बाहेर व्हॅनपाशी थांबली. व्हॅनला टेकली, सरळ झाली, पुन्हा टेकली. ज्या हातांवर ती उलटली होती, तेच आत तिचं ठरवत होते. अर्ध्या तासानं नवरा बाहेर आला.

"अकरा बाजूनं. नऊ विरोधात."

"तुम्ही?"

"मी घरचा माणूस. बसून राहिलो." त्यानं मान खाली घातली. "ताईनं विरोधात हात वर केला. आणि मोजले पण तिनंच. एकही हात इकडचा तिकडे केला नाही."

धाकटीला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. ती आत गेली. ताईंनी ॲप्रन पुढं केला. तिनं तो घेतला.

मळक्या कपड्यांच्या खोलीत शिवणकाम करणारी उंच बाई पोती उतरवत होती. तिनं वर न बघता सांगून टाकलं, "आधीच सांगते, मी विरोधात होते."

"का?"

"तू पुन्हा असंच करशील म्हणून."

"करीन कदाचित."

"मग माझंही तेच राहील."

"राहू दे," धाकटी म्हणाली आणि तिनं पोत्याचं तोंड सोडायला घेतलं. गाठ ओली होती, सुटेना. उंच बाईनं खिशातली कात्री काढून ती टेबलावरून धाकटीकडे सरकवली.