वेंगुर्ल्याची गाठ

शहापूरच्या यमनाप्पा विणकरानं बायकोला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. पहाटे सायकलवर निघायचं, आंबोलीचा घाट उतरायचा आणि दिवस बुडायच्या आत वेंगुर्ल्याची वाळू गाठायची. अंजनी मागं कॅरिअरवर बसणार होती. दोघांनाही लिहिता येत नव्हतं, म्हणून वाटेतली गावं ध्यानात ठेवायला तो “शिनोळी” म्हणाला की ती सुताच्या जाड धाग्याला एक गाठ मारायची, “आंबोली” म्हणाला की दुसरी.

“लई लांब हाय की वो समुद्र,” वेंगुर्ल्याची गाठ मारताना ती हसली होती.

पुढच्याच महिन्यात तापानं तिला नेलं.

बाराव्याला यमनाप्पा तो धागा घेऊन कट्ट्यावर बसला. उद्या एकट्यानंच जायचं आणि तिच्या हातच्या गाठी समुद्राला दाखवायच्या, असं त्यानं ठरवलं होतं. माणसं येऊन समजूत घालत होती, हा नुसता मान हलवत होता.

पण विणकराची मेली बोटं ती! धाग्यातली गाठ मागाच्या फणीत अडकते, म्हणून हाताला लागली की सोडवायची, ही त्यांची वीस वर्षांची खोड.

माणसं उठून गेल्यावर त्यानं मांडीवर बघितलं. शिनोळीपासून वेंगुर्ल्यापर्यंत धागा सरळ झाला होता.